सीट पिलर हलतो का?

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांत मे महिन्यात परीक्षा संपल्या, की जुन्या रोड सायकली विकायला निघतात. कुणी गाव सोडून चाललेलं असतं, कुणाच्या वडिलांचं गॅरेज रिकामं होत असतं. पुण्या-नाशकाहून तिकडे शिकायला गेलेली मुलं आणि त्यांच्यासारखेच इतर नवशिके अशा वेळी सायकल शोधतात, आणि त्यांच्यापुढे साधारण तीन तऱ्हेचा माल येतो. किंमत प्रत्येकीची सारखीच, समजा दीडशे डॉलर. पहिली १९७३च्या आसपासची श्विन व्हार्सिटी: शिकागोत बनलेली, जाडजूड, स्टँड फ्रेममध्येच बसवलेला, वजन सतरा-अठरा किलो. दुसरी त्याच काळातली प्यूजो यूओ-८: फ्रान्सची, सडपातळ, सीटच्या नळीवर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट्टा, वजन तेरा किलोच्या आगेमागे. तिसरी १९८५च्या सुमाराला जपानमध्ये बनलेली, नाव निशिकी किंवा युनिव्हेगा असं काहीतरी, वजन साडेअकरा किलो, आणि रंग असा की तो कुणी का निवडला असेल असा प्रश्न पडावा. नवशिक्या विचारतो, यातली चांगली कोणती? माझं उत्तर बहुतेक वेळा तिसरी असं असतं. पण ते जपानच्या कौतुकातून आलेलं नाही. हा सगळा विचार दुरुस्तीच्या स्टँडच्या बाजूने केलेला आहे, आणि त्या बाजूने पाहिलं तर जुन्या सायकलीची खरी किंमत विकणारा सांगतो ती नसते. तिच्यातले अडकलेले भाग सोडवायला आणि संपलेले भाग बदलायला जे लागतं, ते त्या दीडशेत मिळवल्यावरच किंमत कळते. तीन सायकलींची तुलना करायची तर या बेरजेची करावी. दांडीवरच्या नावांची तुलना करून हाती काही लागत नाही.

नावं का फसवतात, ते आधी पाहू. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दहा गियरच्या सायकलीचं वेड पसरलं. १९७३ साली त्या देशात दीड कोटीच्या आसपास सायकली खपल्या. तीन वर्षांत मागणी दुप्पट झाली, तेव्हा युरोपातले कारखाने जे हाताशी होतं ते जोडून जहाजात भरू लागले. म्हणूनच आज पन्नास वर्षांनी गॅरेजांतून ज्या सायकली बाहेर पडतात, त्यांतल्या बऱ्याचशा त्याच घाईच्या काळातल्या असतात. त्यातही एकाच नावाखाली अनेक जातींचा माल असे. प्यूजोची पीएक्स-१० ही रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची, शर्यतीत चालणारी सायकल. यूओ-८ साध्या पोलादाची. चौकड्यांचा पट्टा मात्र दोघींवर. श्विनचं उलटं टोक पाहा: व्हार्सिटी शिकागोची, तर त्याच श्विनच्या नावाने विकलेली ल टूर जपानमध्ये पॅनासॉनिकने बनवलेली. आणि निशिकी, युनिव्हेगा ही तर कारखान्यांची नावंच नव्हेत. ती अमेरिकेतल्या आयात करणाऱ्यांनी लावलेली नावं. निशिकीची फ्रेम कावामुराच्या कारखान्यातली, युनिव्हेगाची बहुतेक मियाताच्या. म्हणजे नावावरून सायकल ओळखायला गेलं, तर एका नावात दोन सायकली सापडतात आणि दोन नावांत एकच कारखाना.

मग पाहायचं काय? पहिला हात सीट पिलरला घालावा, असं मी म्हणतो. सीट ज्या दांड्यावर बसवलेली असते तो दांडा, म्हणजे पिलर, बऱ्याच जुन्या रोड सायकलींत अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि ज्या नळीत तो उतरतो ती नळी पोलादाची. दोन वेगळे धातू, मध्ये घामाचं आणि पावसाचं पाणी, आणि वर्षानुवर्षं ग्रीस नाही. अशा वेळी अ‍ॅल्युमिनियम गंजतं. त्याचा गंज लाल नसतो, पांढऱ्या भुकटीसारखा असतो, आणि मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. नळीतल्या नळीत पिलर असा फुगून बसतो, की दोन्ही जणू एकाच तुकड्याचे झाले. तपासायची रीत सोपी आहे. पिलर जिथे नळीत शिरतो तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करायची, क्लॅम्पचा बोल्ट सैल करायचा, सीट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे पिळायची. वर ओढायची नाही, फक्त पिळायची. नजर सीटवर ठेवायची नाही, त्या खुणेवर ठेवायची. कारण सीटचं कातडं आणि पट्ट्या लवचीक असतात आणि पिलर फिरल्याचा भास होतो. खूण सरकली तर पुढची बोलणी करावीत. नाही सरकली तर विकणारा हमखास म्हणतो, थोडं तेल घातलं की निघेल. कधी निघतो. कधी तेल, अमोनिया, उष्णता, लांब दांड्याचा पाना हे सगळं करूनही निघत नाही. शेवटी पिलर वरून कापून, आत करवतीचं पातं घालून, नळीला धक्का न लावता उभे छेद घेत बसावं लागतं. त्या कामाची मजुरी सायकलीच्या किमतीहून जास्त होऊ शकते. ही सायकल कुणी फुकट दिली तरी नवशिक्याने घेऊ नये, असं मला वाटतं. त्याचा पाय त्या अडकलेल्या उंचीलाच नेमका बसत असेल तर गोष्ट वेगळी. पण तशी उंची जुळून येणं म्हणजे दुसऱ्याचा शिवलेला सदरा अंगाला बरोबर बसण्यासारखं आहे.

पिलर निघाला, की त्याच्या खालच्या टोकाला ठोकलेला आकडा वाचावा. पोलादी रोड फ्रेमची सीटची नळी बाहेरून बहुधा २८.६ मिलिमीटर असते. ती आतून किती, ते पिलरच्या जाडीवरून कळतं. २७.२ असा आकडा असेल तर नळीची भिंत पातळ, म्हणजे चांगल्या मिश्र पोलादाची असण्याची शक्यता मोठी. २६.८ असेल तरी हरकत नाही. २५.४ असेल तर भिंत दीड मिलिमीटरच्या घरात गेली, म्हणजे साधं, जड पोलाद, वर कोणताही स्टिकर असो. स्टिकर निघतात, नवे छापूनही मिळतात. नळीचा आतला व्यास बदलत नाही. याला दोन अपवाद ध्यानात ठेवायला हवेत. जुन्या फ्रेंच फ्रेमची नळी बाहेरूनच २८ मिलिमीटर असते, त्यामुळे पीएक्स-१० सारख्या उत्तम सायकलीतही २६.४चा पिलर सापडतो आणि तो तिथे कमीपणाचं लक्षण नसतो. दुसरं, आधीच्या मालकाने चुकीच्या मापाचा बारीक पिलर घालून क्लॅम्प आवळलेला असू शकतो. नळीच्या फटीच्या दोन्ही कडा वर एकमेकींकडे झुकलेल्या दिसल्या, तर आकड्यावर भरवसा ठेवू नये. एवढं सांभाळलं, तर हा एक दांडा तीन प्रश्नांची उत्तरं देतो: भाग सुटे होतात का, नळ्या कशा आहेत, आणि सीट तुमच्या पायाच्या उंचीला येते का.

तिसरा प्रश्न खरं तर पहिला. फ्रेमचं माप चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग नाही. जुन्या रोड सायकलीचं माप म्हणजे सीटच्या नळीची लांबी, सेंटिमीटरमध्ये. अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजली आणि तिला ०.६५ ते ०.६७ने गुणलं, की कामापुरता आकडा मिळतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची ही उंची बहुधा ७६-७७ सेंटिमीटर भरते, म्हणजे ५० ते ५२ची फ्रेम. आणि अमेरिकेतल्या जुन्या बाजारात भरमार असते ती ५६ ते ६०च्या फ्रेमची, कारण त्या उंच माणसांसाठी विकल्या गेल्या होत्या. त्यामुळे आपल्याकडच्या सरासरी उंचीच्या माणसापुढे नेहमी एक मोह उभा असतो: ५८ची देखणी, स्वस्त सायकल. सीट पार खाली घातली की पाय टेकतात, मग काय बिघडलं? बिघडतं ते असं, की फ्रेम उंच असली म्हणजे आडवी दांडीही लांब असते. सीट खाली गेली तरी हँडल जवळ येत नाही. माणूस ताणला जातो, हात ब्रेकच्या मुठींपर्यंत नीट पोचत नाहीत, तासाभरात मान धरते. आणि अचानक थांबून दोन्ही पाय टेकायची वेळ आली तर आडवी दांडी कुठे लागेल ते सांगायला नको. हँडलचा स्टेम बदलून दोन-तीन सेंटिमीटर कमी करता येतात, सहा सेंटिमीटर नाही. जाता जाता: आडव्या दांडीऐवजी दोन बारीक तिरप्या नळ्या मागच्या चाकापर्यंत गेलेली जी फ्रेम असते, जिला मिक्स्ट म्हणतात, ती लहान मापांत पुष्कळ सापडते आणि पुरुष ती ‘लेडीज सायकल’ म्हणून सोडून देतात. ज्याला हा संकोच नाही त्याला तोच माल कमी पैशात मिळतो.

आता आट्यांविषयी, कारण तीन सायकलींमधला खरा फरक इथे आहे. दोन्ही पायडलांना जोडणारा दांडा ज्या नळकांड्यात फिरतो, ते बॉटम ब्रॅकेट. त्याच्या दोन्ही बाजूंना आट्यांच्या कटोऱ्या असतात आणि त्यांत छर्रे. इंग्रजी पद्धतीत कटोरीचा व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. शिवाय उजवीकडच्या कटोरीचे आटे उलटे, म्हणजे पायडल मारताना ती आपोआप सैल होऊ नये. फ्रेंच पद्धतीत व्यास ३५ मिलिमीटर, दर मिलिमीटरला एक आटा, आणि दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. इटलीचं माप ३६ मिलिमीटर, आटे इंचाला २४, दोन्ही सुलटे, नळकांडंही दोन मिलिमीटरने रुंद. स्वित्झर्लंडने फ्रेंच माप घेतलं आणि उजवी बाजू उलटी केली. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपल्या साध्या सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले, जे इतर कुणाचेच नव्हते. हे वाचायला गमतीचं वाटतं, पण यूओ-८ची उजवी कटोरी काढायला घेतली की त्याचा अर्थ हाताला कळतो. इंग्रजी सवयीचा कारागीर ती ज्या दिशेला पिळतो, त्या दिशेला फ्रेंच कटोरी घट्ट होत जाते. जोर वाढवत गेला तर पान्यासाठी घडलेल्या कडा गोल होतात आणि मग तिला पकडायलाच काही उरत नाही. मागच्या फ्रीव्हीलचे आटे तर त्याहून फसवे. फ्रेंच ३४.७ मिलिमीटर, इंग्रजी ३४.८ : हाताला फरक कळत नाही, पहिले दोन वेढे व्यवस्थित बसतात, आणि नंतर पान्याने आवळलं की हबचे आटे खरवडून निघतात. हँडलचा स्टेम २२.० आणि २२.२, पायडलाचे आटे १४ मिलिमीटर आणि नऊ-सोळांश इंच, अशी ही यादी पुढे चालूच राहते.

त्यात यूओ-८ला क्रँक बसवलेला असतो तो कॉटरने. हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. काळी सायकल चालवलेल्या प्रत्येकाला कॉटर सैल झाल्यावर पायडलातून येणारा तो ‘टक’ आवाज माहीत आहे, आणि आपल्याकडे झाडाखाली बसलेला कारागीरही नवी कॉटर कानशीने घासून, दोन ठोक्यांत बसवून देतो. अमेरिकेत ती विद्या जाणणारी माणसं थोडी उरली आहेत. पुण्याहून येताना खिशात चार कॉटर टाकून आणाव्यात, तर तिथेही माप आडवं येतं: इंग्रजी घराण्याची कॉटर साडेनऊ मिलिमीटरची, बऱ्याच फ्रेंच क्रँकना लागते नऊची. घासून बसेल, पण घासणारा हवा. चाकांचंही तसंच. आपली काळी सायकल २८ इंची, ही जुनी रोड सायकल २७ इंची, आणि आजची ७०० सी. नावांवरून एकेक इंचाचा फरक वाटतो. प्रत्यक्षात टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास अनुक्रमे ६३५, ६३० आणि ६२२ मिलिमीटर. इतकी जवळची मापं, आणि एकीचा टायर दुसरीला चालत नाही. २७ इंची टायर अजून मिळतात, पण हव्या त्या जाडीचे आणि जातीचे मिळतीलच असं नाही.

जपानी सायकलीची बाजू इथे जड होते. जपानच्या कारखान्यांना माल अमेरिकेत विकायचा होता आणि त्यांनी आट्यांच्या बाबतीत इंग्रजी माप उचललं. आजही बाजारात सर्वांत सहज मिळणारा, सीलबंद बेअरिंगचा बॉटम ब्रॅकेट तिच्यात सरळ बसतो. वीस-पंचवीस डॉलरचं काम. गियर बदलणारा डिरेलरही तसाच. सनटूर या जपानी कंपनीने १९६४ साली तिरप्या समांतरभुज चौकोनाचा डिरेलर काढला, ज्यात साखळीची छोटी चाकी प्रत्येक दातेरी चाकापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहते, म्हणून गियर चटकन पडतो. त्याचं पेटंट १९८४ साली संपलं आणि शिमानोने ती रचना आपल्या, टिकटिक करत नेमक्या जागी थांबणाऱ्या गियरांना जोडली. आजचा जवळपास प्रत्येक मागचा डिरेलर त्याच कुळातला आहे. उलट सत्तरच्या दशकात यूओ-८वर होता तो सिम्प्लेक्सचा, डेल्रिन नावाच्या प्लास्टिकचा. नवा असताना हलका आणि स्वस्त, पन्नास वर्षांनी तडकलेला. शिवाय काळही जपानच्या बाजूचा होता. १९८५च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर उतरवण्याचा करार केला. तोवर डॉलरला २४० येन पडत, वर्षभरात १६०च्याही खाली आले. जपानी सायकल अमेरिकेत महाग झाली आणि धंदा तैवानकडे सरकला. म्हणजे १९८५च्या अलीकडची-पलीकडची तीन-चार वर्षं अशी होती, की क्रोमोली या मिश्र पोलादाच्या नळ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या रिम आणि नीट बसवलेले छर्रे मधल्या किमतीच्या सायकलीतही मिळत. तो माल आज दीडशे डॉलरला पडून असतो, कारण त्याच्या नावाला वलय नाही.

यावर पहिला आक्षेप फ्रेंच सायकलीच्या चाहत्यांचा, आणि तो रास्त आहे. ते म्हणतात, हे सगळे अडथळे पार करता येतात. आटेच न वापरणारे, आतून फाकून बसणारे बॉटम ब्रॅकेट मिळतात. जुने फ्रेंच सुटे भाग जमवून ठेवणारे लोक आहेत. आणि मॅसॅच्युसेट्सचा सायकल कारागीर शेल्डन ब्राउन २००८ साली वारला तरी त्याने या सगळ्या मापांची जी नोंद करून ठेवली ती आजही प्रत्येक दुकानात उघडली जाते. शिवाय प्यूजोने स्वतःच ऐंशीच्या दशकात हळूहळू इंग्रजी आटे स्वीकारले, तेव्हा सगळ्या प्यूजो एका मापाने मोजू नयेत. सगळं खरं. पण पार करता येतं आणि नवशिक्याला पार करता येतं, यात अंतर आहे. अडथळा ओलांडायचा तर तो अडथळा आहे हे आधी ओळखता आलं पाहिजे, आणि नेमकं तेच नवशिक्याला येत नसतं. फ्रेंच हबवर इंग्रजी फ्रीव्हील आवळणारा माणूस निष्काळजी नसतो, त्याला फक्त माहीत नसतं. दुसरी सायकल म्हणून पीएक्स-१० जरूर घ्यावी. तोवर पाने, आटे आणि चुका यांची ओळख झालेली असते.

दुसरा आक्षेप व्हार्सिटीच्या बाजूने येतो आणि तो मला अधिक अवघड वाटतो. तिची फ्रेम जवळपास मोडत नाही. तिचा क्रँक एकसंध, वाकवलेल्या एकाच सळईचा. त्याला ना कॉटर ना अवघड आटे, आणि तो एका मोठ्या पान्याने आणि स्क्रूड्रायव्हरने सुटतो. म्हणजे मी जी कसोटी लावतो आहे, दुरुस्तीच्या सोपेपणाची, तिच्यावर व्हार्सिटी यूओ-८च्या पुढे जाते. हे मी मान्य करतो. इलिनॉयसारख्या सपाट मुलखात वसतिगृह ते वर्ग असं दोन-तीन किलोमीटर जायचं असेल, तर अठरा किलोंनी काही बिघडत नाही. अडचण वजनाची नाही, ब्रेकची आहे. तिच्या रिम क्रोम चढवलेल्या पोलादाच्या असतात. कोरड्यात ब्रेक बरे लागतात; पावसात ब्रेकचं रबर त्या गुळगुळीत क्रोमवरून नुसतं घसरतं आणि थांबायला लागणारं अंतर कितीतरी वाढतं. यूओ-८लाही हाच दोष आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमची चाकं बसवता येतात, पण त्या जोडीला सायकलीच्या किमतीच्या जवळपास पैसे जातात, आणि मग दीडशेच्या बेरजेत व्हार्सिटी स्वस्त राहत नाही. शिवाय जुन्या सरळ काठाच्या रिमवर आजच्या बारीक टायरात छापील दाबाइतकी हवा भरली तर टायर काठावरून उडू शकतो. नवशिक्या टायरवर छापलेला आकडा प्रमाण मानतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

कुणी असंही म्हणेल, की चाळीस-पन्नास वर्षांचं पोलाद थकलेलं असणार, मग इंग्रजी आट्यांचं काय कौतुक. ही समजूत फार पसरलेली आहे. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही. फ्रेम वर्षांनी मऊ पडत नाही. थकतं ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणून जुना स्टेम, हँडल आणि क्रँक यांवर बारीक तड आहे का, हे उजेडात, कपड्याने पुसून पाहावं. फ्रेमचे शत्रू दोन, गंज आणि अपघात. अपघाताची खूण पुढच्या डोक्याच्या नळीमागे, वरच्या आणि खालच्या दांडीच्या पोटाशी असते: रंगाला आडवी तड, किंवा बोट फिरवल्यावर लागणारी सुरकुती. बाजूने पाहिलं तर पुढचं चाक धरणारा चिमटा डोक्याच्या नळीच्या रेषेतच खाली उतरून टोकाशी पुढे वळायला हवा. तो मागे ढकललेला दिसला तर सायकल कशावर तरी आदळलेली आहे. आणि इथे मला माझ्याच उत्तराला मुरड घालावी लागते. चिमटा वाकलेल्या जपानी सायकलीपेक्षा, पिलर सहज फिरणारी, छर्रे गुळगुळीत फिरणारी फ्रेंच सायकल शंभर वेळा बरी. देश आणि साल शक्यता सांगतात. समोरची सायकल काय आहे, ते हात लावल्यावरच कळतं.

माझ्या बाजूवरही एक शंका घ्यायला हवी. दुरुस्तीच्या स्टँडवर येतात त्या बिघडलेल्या सायकली. ज्या यूओ-८ पन्नास वर्षं विनातक्रार चालल्या त्या कारागिराला दिसतच नाहीत. डॉक्टरला सगळं गाव आजारी वाटावं, तसं हे आहे. शंका खरी आहे, पण तिच्यामुळे निष्कर्ष बदलत नाही, कारण मी यूओ-८ जास्त बिघडते असं म्हणतच नाही. प्रत्येक जुन्या सायकलीचे टायर, ट्यूब, केबल, ब्रेकचं रबर, साखळी आणि हँडलची पट्टी कधी ना कधी बदलावीच लागते, आणि ग्रीस कोरडं पडलेलं असल्याने सगळे छर्रे एकदा उघडावे लागतात, ज्याला आपल्याकडच्या दुकानांत ओव्हरऑयलिंग म्हणतात. स्वतः केलं तरी साधारण सव्वाशे-दीडशे डॉलर जातात. हे तिन्ही सायकलींना सारखंच. फरक पडतो तो उघडताना, एखादी कटोरी किंवा एखादा पिलर हट्टाला पेटला तर.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी सायकल का घेऊ नये? दीडशेत मिळणारी नवी सायकल मोठ्या दुकानातली, बहुधा पुढे नाममात्र स्प्रिंग असलेली, व्हार्सिटीच्या वजनाची, आणि तिचे भाग उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात. तिची तुलनाच नको. खरी स्पर्धा दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या रोड सायकलीशी आहे. मुठीतच गियर, ७०० सीची चाकं, सगळं प्रमाणित. किंमत जुनी सायकल अधिक तिची डागडुजी, यांच्या थोडी वर. ज्याला फक्त चालवायचं आहे, पाना हातात धरायची हौस नाही, त्याने तीच घ्यावी आणि पोलादाच्या प्रेमात पडू नये. हे जुन्या सायकलींच्या बाजूने बोलणाऱ्याने कबूल करायला हवं, पण सहसा केलं जात नाही. १९८५ची पोलादी सायकल त्याच्यासाठी, ज्याला उघडून पाहायचं आहे, मडगार्ड आणि कॅरियर लावायचं आहे, दांडीवरच्या लिव्हरने गियर अंदाजाने पाडायला शिकायचं आहे. ते शिकायला आठवडा पुरतो. आणि अशा लिव्हरला मागे पाच दातेरी चाकं आहेत की सात, साखळी कुठल्या कंपनीची, याच्याशी देणंघेणं नसतं.

राहता राहिलं माप. ५०-५२ची, क्रोमोलीची, पिलर फिरणारी सायकल मेच्या पहिल्या आठवड्यात मिळेलच असं नाही, आणि समोर ५८ची झळाळती यूओ-८ शंभरवर उतरलेली असते. तेव्हा बस पकडावी आणि थांबावं. भाडेकरार संपून घरं रिकामी होतात ती ऑगस्टमध्ये. त्या वेळी उंच माणसांबरोबर बुटकी माणसंही गाव सोडतात. जाताना खिशात टेप, चिकटपट्टी, पाच मिलिमीटरची अ‍ॅलन की आणि १३चा पाना ठेवावा. क्लॅम्पचा बोल्ट यांतल्या एकाने बहुतेक सुटतो.